दादा ज्या पाण्यात पकडला गेला

वर्सोव्याच्या आमच्या घरात शिकले ती मी एकटीच. अंधेरीच्या एका शाळेत शिकवते. दादा लहानपणापासून वडिलांबरोबर होडीवर.

पुढे जवळच्या पाण्यात पापलेट मिळेनासं झालं. कुणी म्हणे समुद्र तापलाय, कुणी म्हणे मोठे ट्रॉलर दिवे लावून सगळं ओढून नेतात. ट्रॉलर कुणा बड्या लोकांचे, ते कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर तक्रारीचं काही झालं नाही. मग एका वादळात आमची होडी फुटली आणि दादा गुजरातच्या एका मालकाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला.

एका दुपारी शाळेत फोन आला. बोट हद्दीपलीकडे गेली होती, पाकिस्तानच्या लोकांनी सगळ्यांना धरून नेलं होतं.

मी आईला घेऊन सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, "तो तिकडे गेलाच कशाला?"

आई म्हणाली, "मासा तिकडं गेला, म्हणून तो गेला."

साहेब माझ्याकडे बघू लागले, मी काही समजावून सांगेन म्हणून. मलाच नीट कळलं नव्हतं. बोटीच्या मालकानं तर फोन उचलणंच सोडलं. दोन देशांत बोलणी सुरू झाली की सुटकेची आशा लागायची, सीमेवर गोळीबार झाला की ती जायची. आई, जिनं कधी बातम्या ऐकल्या नाहीत, ती टीव्हीसमोरून हलेना.

काही वर्षांनी दादा सुटला. बोरिवलीला गाडीतून उतरला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही.

 एकदा जेवताना दादा म्हणाला, "आमच्या बराकीवर एक शिपाई होता. त्याचा भाऊ मच्छीमार. तो आपल्याकडे तुरुंगात."

"का?" मी विचारलं.

"त्यांच्याकडं मासा राहिला नाही म्हणून आपल्या बाजूला आला होता."

आईनं विचारलं, "मग मासा हाय तरी कुठं?"

"मला नाय ठाऊक," दादा म्हणाला.

नंतर सीमेवर पुन्हा लढाई पेटली. शेजारी आमच्याकडे जमले. "तू तर आत राहून आलास. कसली माणसं रे ती?"

"डाळ पातळ द्यायचे," एवढंच बोलून तो बाहेर गेला. काहींना राग आला. मलाही आला, पण कुणाचा ते सांगता येत नव्हतं.

आता तो लोखंडवालातल्या एका इमारतीत वॉचमन आहे. परवा युनिफॉर्म घालता घालता म्हणाला, "बाय, तू शिकलेली ना, मग सांग. मला नक्की अडकवलं कुणी?"

मी सुरुवात केली. तापलेला समुद्र, ट्रॉलर, मालक, दोन सरकारं. बोलता बोलता कुठून सुरुवात केली होती, तेच मला आठवेना. दादा मान हलवत राहिला. मग टोपी घेऊन ड्युटीवर गेला.