टिचकी

पनवेलला आईची खाणावळ होती. तिथे जेवायला येणारा एक लॉरी-मिस्त्री ताट मांडलं की आधी टिचकी मारून ऐकायचा. मला ते आगाऊपणाचं वाटे. भंगारातल्या फळ्या आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा जमवून तो गिटारी बनवायचा, आणि आवाज मोठा निघावा म्हणून त्यांच्या पोटात जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट बसवायचा.

एकदा त्याने भिंतीवरच्या फळीवर ठेवलेलं ताट वाजवलं. ते माझ्या वडिलांचं. वडील गेल्यापासून त्यात कोणी जेवत नव्हतं.

“वयनी, असा आवाज दुसऱ्याला नाय,” तो म्हणाला. आईने ते त्याच्या हातात दिलं.

पुढे तो गिटार दाखवायला आला. ताटावर कोरलेलं वडिलांचं नाव दर्शनी बाजूला होतं.

“घासून काडलं नाय,” एवढंच बोलला.

आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिने पदराला हात पुसला आणि त्या अक्षरांवर टिचकी मारली.