साखराबाईनं अडवलेला हमरस्ता

साखराबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही शिकून होतं. बाई पासष्टीची, काटकीसारखी वाळलेली, पण एकदा बोलायला लागली की समोरचा माणूस चप्पल शोधायचा. दीडशे मेंढरांवर तिचा संसार चालत होता. माणसांशी तिचं फारसं पटत नव्हतंच, पण माजलगावकडं जाणाऱ्या हमरस्त्याशी तर तिचा उभा दावा होता.

दाव्याला कारण होतं. सहा वर्षांमागं उसाच्या हंगामात, दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागं टाकायच्या घाईत एका टेम्पोनं तिचा नवरा म्हाळू साइडपट्टीवर चिरडला होता. रस्ता अरुंद होता. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की कडेनं चालणाऱ्यानं जीव मुठीत धरायचा. म्हाळूच्या आधी अन् नंतरही वाडीनं तिथं माणसं घालवली होती. म्हणून रस्ता चौपदरी होणार म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. साखराबाईसुद्धा पहिल्यांदा काही वावगं बोलली नाही.

पण मुरमाचा भराव चढला, मधोमध सिमेंटची भिंत उभी राहायला लागली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाडी रस्त्याच्या अलीकडं. चरायचा माळ आणि पाण्याचा तलाव पलीकडं. भिंतीला वाडीसमोर खिंड कुठंच नव्हती.

मारुतीच्या पारावर ठेकेदाराचा इंजिनिअर लोकांना समजावून सांगायला आला, तेव्हा ती खाली बायकांत बसली होती. साहेब म्हणाला, "हा रस्ता तुमच्या जिवासाठी आहे. तुमच्याच वाडीतले म्हाळू गेले ना? असं पुन्हा होऊ नये म्हणून..."

साखराबाई ताडकन उठली. "त्याचं नाव तोंडातून काढा साहेब! तुमच्या रस्त्याच्या कौतुकाला माझा मेलेला माणूस कावून पायजे? माझी मेंढरं कुठून न्यायची, तेवढं सांगा."

साहेबानं कागद उलटला. "पेट्रोल पंपाजवळ भिंतीला कट आहे. दोन किलोमीटर. तिथून वळवा."

लोक हसले. सरपंच बद्रीनाथ सगळ्यांत मोठ्यानं हसला. "साखरामाय, तुझ्या मेंढरांपायी काय आता सरकारनं पूल बांधायचा?"

"हस, बद्री, हस," ती म्हणाली. "तुझी म्हैस दारात बांधलेली हाय. तिला कुठं माळ पायजे!"

त्याच महिन्यात तिचा मुलगा हरिओम ठेकेदाराकडं कामाला लागला. डोक्यावर पिवळं टोपडं, हातात लाल झेंडा. गाड्या थांबवायच्या आणि सोडायच्या. संध्याकाळी घरी आला तर आईनं भाकरीची टोपली उंबऱ्यावर आणून ठेवली आणि पाठ फिरवली. पुढं रोज तसंच चाललं. सून संगीता दोघांच्या मधे निरोप पोचवून दमून गेली.

"माय, रस्ता काय मी बांधलाय का?" हरिओम एकदा कावला.

"संगीता, त्याला म्हणावं, झेंडा कुणाचा धरलाय ते बघ."

भिंत पुरी झाली त्या दिवशी सकाळी साखराबाईनं मेंढरं सोडली आणि थेट डांबरावर घातली. खालून जावं तर पंपापर्यंत लोकांचा ऊस आणि कापूस. मेंढरानं एक पान ओरबाडलं तरी कुऱ्हाडी निघाल्या असत्या. मग राहिला रस्ताच. ती पुढं, मागं दीडशे मेंढरं, आणि त्यांच्या मागं एस. टी., ट्रक, जीपा, लग्नाची वऱ्हाडं. दोन किलोमीटर जायला तास लागायचा. संध्याकाळी परत तसंच. हॉर्नांनी कान किटायचे. जीपवाले बंपर मेंढरांच्या पाठीला लावायचे, कुणी पाण्याची बाटली फेकून मारायचं, कुणी आईबहिणीवरून उद्धार करायचं. साखराबाई ना भरभर पाऊल उचलायची, ना मागं बघायची.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. "ए म्हातारे, हायवे हाय हा! जनावरं खाली घे."

"कुठं घेऊ? बोट दाव. पंपापून वळव म्हणून साहेबानं भर पारावर सांगितलंय. मी काय कायदा मोडला?"

हवालदारानं खालचा ऊस बघितला, मागची गाड्यांची रांग बघितली आणि काठी आपटत निघून गेला.

आता वाडीच तिच्यावर उलटली. कुणाचं पोरगं बीडच्या क्लासला उशिरा पोचलं, कुणाची टोमॅटोची गाडी अडकली. गिरणीवाल्यानं तिचं दळण बघून "पट्टा तुटलाय" म्हणून सांगितलं आणि तिच्या मागच्या बाईचं दळून दिलं. बद्रीनाथ दारात येऊन बोलला, "गावाशी वैर धरून ऱ्हाशील कुठं? एखाद्या दिवशी कळपच गायब व्हायचा."

"मग तुज्या दारात येऊन बसंन. तुजीच म्हैस चारीन," ती म्हणाली आणि कडी लावली.

बाराव्या दिवशी, सकाळचं ऊन डोक्यावर यायच्या आत, मागून एक पांढरी गाडी सुसाट आली. थांबलेल्या गाड्यांना उजवीकडून टाळून ती पुढं घुसली. हरिओम झेंडा हलवत, बोंबलत तिच्यापुढं धावला आणि शेवटच्या क्षणी भिंतीवर उडी मारून वाचला. गाडी कळपाच्या शेपटात शिरली. अकरा मेंढरं गेली. दोन तर गाभण होती.

गाडीवाला खाली उतरला तो आपला बंपर बघत. "कुणाची आहे ही घाण?" तो ओरडला.

साखराबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं एकेक मेंढरू पाय धरून ओढलं आणि रस्त्यावर आडवं ओळीनं मांडलं. अकरावं मांडून झाल्यावर ती त्यांच्यापुढं मांडी घालून बसली. ठेकेदाराचा मुकादम जेसीबी घेऊन आला, तेव्हा म्हणाली, "माझ्यावरून ने. मग त्यांना उचल."

पोलीस आले. मुकादमानं हरिओमला बाजूला घेतलं, "सांग, आम्ही नको म्हणत असताना म्हातारीनं जनावरं रस्त्यावर आणली. नोकरी टिकवायची ना?"

हरिओमनं झेंडा गुंडाळला. तो हवालदारापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पंपाकडनं न्यायला साहेबांनीच सांगितलं. मी पारावर होतो. तवा मी बी हसलतो."

मुकादमानं तिथल्या तिथं त्याचं टोपडं काढून घेतलं. साखराबाई बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "आता आठवलं व्हय रं?" हरिओमनं मान खाली घातली. तिला कीव आली नाही.

दुपारी इंजिनिअर आला तेव्हा मागं गाड्यांची रांग नजर पोचत नव्हती तिथवर गेली होती. "बाई, मंजूर झालेला नकाशा बदलता येत नाही," तो म्हणाला.

ती उठली आणि भरावाखाली उतरली. तिथं, वाडीच्या जवळच, ओढ्याचं पाणी जाण्यासाठी नळ्यांची मोरी होती, छातीएवढी, निम्मी गाळानं भरलेली. "वाका साहेब. जा पल्याड. तुमी गेलात तर मेंढरं बी जातील, मी उद्यापून रस्त्यावर येत न्हाई."

साहेब वाकला. आत बघितलं, वास आला, सरळ झाला. वर गाड्यांतली माणसं भरावाच्या कडेला येऊन त्याच्याकडं बघत उभी होती. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यानं फोन काढला.

नळ्या उखडून तिथं माणूसभर उंच चौकोनी मोरी बसवायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस साखराबाई रोज रस्त्यावरूनच गेली, आता पुढं एक पोलीस आणि मागं एक. मोरीच्या उद्घाटनाला बद्रीनाथनं फीत कापली, आपण केलेल्या पाठपुराव्यावर भाषण केलं आणि साखराबाईसाठी साडीचोळी आणली. तिनं ती संगीताच्या हाती परत पाठवली. "म्हणावं, म्हशीच्या पाठीवर घाल."

दुसऱ्या दिवशी मेंढरं मोरीच्या तोंडाशी अडली. आतला अंधार आणि वरचा धडधडाट त्यांना सोसवेना. साखराबाई एडक्याचं शिंग धरून आधी आत गेली. कळपाच्या मागून हरिओम हाकलत होता. डोक्यावरून ट्रक गेला तशी सिमेंटमधून बारीक माती तिच्या पदरावर पडली. पदर झटकत, वर बघून ती म्हणाली, "पळा आता. मरा एकमेकांच्या अंगावर."

एडका पलीकडच्या उजेडात शिरला आणि माळाकडं धावत सुटला.