शिडीला एक मत

रविवारी सकाळी दहा वाजता माझे दीर घरी आलेल्या माणसांचे मोबाईल गोळा करायचे, तांदळाच्या डब्यात ठेवायचे आणि वर झाकण लावायचे. मग पंख्याची कुरकुर मध्ये येते म्हणून पंखा बंद करायचे. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगायचे, “वहिनी, आता तासभर कुकर नाही.” भात मी आधीच करून ठेवलेला असायचा. त्यांनी बटण दाबलं की आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत असा आवाज सुरू व्हायचा की फळीवरची भांडी सरकायची. आमचे हे तोपर्यंत पिशवी घेऊन बाजारात गेलेले असायचे. आणायचे एक कोबी, पण यायचे आवाज थांबल्यावरच.

संजूभाऊजी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. वय चाळीसच्या पुढे, लग्न नाही, अंगाने काडी आणि केस खांद्यापर्यंत. कामावर जाताना ते केस हेल्मेटमध्ये कोंबायचे. त्यांचे टी-शर्ट सगळे काळे आणि त्यांवर कवट्या. मी ते उलटे करून वाळत घालायची, कारण समोरच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं होतं, “तुमच्याकडे कुणी मांत्रिक उतरलाय का गं?”

ते ऐकायचे त्या गाण्यांना प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. मेटल म्हणजे काय ते आवाजावरून कळायचं. प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय ते मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, साधं गाणं रिक्षासारखं असतं, सांगितलं तिथे नेतं. हे गाणं भलतीकडे नेतं, तिथे आपल्याला उतरवतं आणि विचार करायला लावतं.” एकेक गाणं दहा मिनिटांचं. इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी त्यांच्या सीडी वरच्या चित्रांवरून ओळखायची. काळ्या झाडाची, बुडालेल्या खुर्चीची, आणि करड्या रंगावर नुसती शिडी असलेली.

ऐकायला दोघेच यायचे, भाऊजींचे कॉलेजातले मित्र. गोखले नौपाड्याहून यायचे, बँकेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून जमिनीवर मांडी घालायचे. भोईर इथलेच, गाववाले. त्यांच्या आजोबांच्या भातशेतीवर आता तीन बिल्डिंगी उभ्या आहेत. बसण्याचा नियम एकच होता. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. “उठला तो बाद,” भाऊजी म्हणायचे. बाद म्हणजे त्याला मत नाही. अल्बम संपला की मतदान, या अल्बमवर अन्याय झालाय की नाही. पहिल्यांदा मी ‘अन्याय झालाय’ हे ऐकलं तेव्हा मला वाटलं कंपनीत काही झालं. इतक्या कळवळ्याने ते बोलायचे.

या नियमापायी त्यांचं एक स्थळ गेलं. मुलगी बदलापूरची, शिक्षिका, चांगली होती. पोहे झाले आणि तिच्या वडिलांनी सहज विचारलं, “आवड कशाची?” भाऊजींनी तोंडाने सांगायचं सोडून खुर्चीवाला अल्बम लावला. आमचे हे डोळ्यांनी खुणा करत होते, पण भाऊजींनी डोळे मिटलेले. विसाव्या मिनिटाला मुलीचे वडील उठले. भाऊजी डोळे न उघडता म्हणाले, “उठला तो बाद!” त्या बिचाऱ्यांना बाथरूमला जायचं होतं. पाहुणे गेल्यावर आमचे हे इतके ओरडले की खाली वॉचमन वर बघायला लागला. भाऊजी मात्र एवढंच म्हणाले, “मुलगी शेवटपर्यंत बसली होती, दादा. नकार बापाने दिला.”

पण त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट लग्न नव्हती. ती होती शिडी. तो नॉर्वेच्या बँडचा अल्बम होता. मूळ गायक भांडून सोडून गेला, उरलेल्यांनी स्वतःच गाऊन तो काढला आणि सगळ्या जगाने त्याला नावं ठेवली. भाऊजींचं म्हणणं, याच्यासारखा दुसरा नाही. दर दिवाळीच्या रविवारी ते शिडी लावायचे, मतदान घ्यायचे आणि हरायचे. गोखले म्हणायचे, “संजय, हा अल्बम नाही, हा उरकलेला कार्यक्रम आहे.” भोईर म्हणायचे, “अरे संज्या, ह्यो म्हंजे हलदीला बेंजो बोलवला आन बेंजोवाले झोपले मांडवान!” भाऊजी लाल व्हायचे. “एक मत! मला जिंकायचं नाहीये रे. एका माणसाने म्हणावं, संज्या, खरं आहे तुझं. बस.” मग चहा घेऊन आलेल्या माझ्याकडे वळायचे. “वहिनी, तुमचं मत?” मी “चहा गार होतोय” म्हणून आत पळायची.

मागच्या वर्षी कंपनीने इथलं काम बंद करून सगळं गुजरातला हलवलं. यायचं तर या, नाहीतर हिशेब घ्या, असं सांगितलं. भाऊजी जायला तयार झाले. निघण्याआधीच्या रविवारी दोघं मित्र आले. मोबाईल डब्यात गेले, पंखा बंद झाला. भाऊजींनी दुसरं काही न विचारता शिडी लावली.

त्या दिवशी मी दारातच मेथी निवडत बसले होते. अल्बम संपला. गोखल्यांनी घसा साफ केला. “संजय, माझं मत घे. झालाय अन्याय.”

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “खरं सांग.”

“अरे, जातोयस तू...”

“दयेचं मत नको, गोखल्या! चौदाव्या मिनिटाला तू जांभई दिलीस, मी बघितलं. भोईर, तुझं?”

“मी नाय देनार,” भोईर म्हणाले. “तू गुजरातला जा नायतर चंद्रावर जा.”

“शाब्बास. हा माणूस.” मग नेहमीसारखे माझ्याकडे वळले. “वहिनी?”

चहा अजून ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे गार होत नव्हता. मला वाटलं, एवढी वर्षं हा माणूस एकच गोष्ट मागतोय. हो म्हटलं तर काय जाईल माझं? पण नुकतंच त्यांनी गोखल्यांचं मत परत केलं होतं. माझंही केलं असतं.

“सहावं गाणं नको होतं,” मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मेथीच्या जुडीकडे बघूनच बोलले. “पाचव्यात तो माणूस गाता गाता थकतो आणि नुसती गिटार राहते, तिथे संपायला हवं होतं. पुढे उगाच ओढलंय. त्यापेक्षा काळं झाड बरं. माझं मत नाही.”

भोईरांनी शिट्टी मारली. भाऊजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, चुकलं माझं, रडतात आता. आणि ते एकदम उठून उभे राहिले.

“ओढलंय? सहाव्यातच तर सगळं आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“संजय,” गोखले घाबरून म्हणाले, “अरे, वहिनी आहेत त्या.”

“आत्ता वहिनी नाहीत. विरोधी पार्टी आहे!”

मग ते माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि सहावं गाणं का हवं ते सांगायला लागले. मी मेथी निवडत नाही म्हणत राहिले. एरवी माझ्याशी खाली मान घालून बोलणारा माणूस, त्या दिवशी हातवारे करून भांडत होता आणि मध्येच हसत होता. ह्यांनी कोबी आणला तरी आमचं संपलं नव्हतं. हे दारात उभे राहून विचारायला लागले, “कोण मेलं?”

आता भाऊजी तिकडे कंपनीच्या खोलीवर राहतात. बरोबरच्या पोरांना सगळी नाचायची गाणी लागतात, म्हणून ते कानात घालून ऐकतात. रविवारी फोन येतो. ह्यांच्याशी तब्येत-पाणी दोन मिनिटांत होतं, मग, “वहिनींना दे.” माझ्या मोबाईलमध्ये शिडी त्यांनीच टाकून दिली आहे. मी पोळ्या करताना लावते.

परवा त्यांनी विचारलं, “ऐकलंत परत?”

“ऐकलं.”

“मग?”

“पाचव्यापर्यंत माझं मत घ्या. सहाव्याला नाही.”

“अर्धं मत चालत नाही, वहिनी.”

“मग नाही.”

“ठेवा मग तुमच्याकडेच,” ते चिडून म्हणाले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. लगेच म्हणाले, “बरं, सहावं राहू द्या. तिसऱ्याबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?”

मी गॅस बारीक केला आणि पाटावर बसले. तिसऱ्याबद्दल माझं बरंच म्हणणं होतं.