मलकापूरला न उतरता

धामणगाव बढ्याला जायचं तर रेल्वेने मलकापूरला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही पुण्याहून निघताना मी तिकीट काढलं ते त्यापुढच्या शेगावचं. घरी सांगितलं, एवढ्या लांब जातेच आहे तर महाराजांचं दर्शन घेऊन पुढे जाईन. देवाचं नाव घेतलं की घरात कुणी उलटतपासणी करत नाही.

खरं कारण भीती हे होतं. मी शिकलेली जनावरांची डॉक्टर. पण कॉलेजातून बाहेर पडले ती पुण्यात एका पशुखाद्याच्या कंपनीत चिकटले, आणि गाय माझ्यापुरती पोत्यावरच्या चित्रात उरली. वडिलांचे मित्र भास्करकाका धामणगाव बढ्यात जनावरांचा दवाखाना चालवतात. त्यांची कंबर गेली, तेव्हा त्यांचा फोन आला.

"पोरी, मले आता वाकनं होत नाही. दवाखाना तू घेतं का? एकडाव येऊन पाहून घे. नाही म्हनत असशीन तर तसं सांग, मी दुसरा पाह्यतो."

सकाळच्या गाडीने येते म्हणून कळवलं, पण तेव्हापासून माझी झोप उडाली. कॉलेजात असताना मला हेच करायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणून तर धास्ती वाटत होती. कंपनीत चुकलं तर बोलणी बसतात, इथे जमलं नाही तर आयुष्यभर मनात जपलेलं एकुलतं एक स्वप्नच खोटं ठरणार होतं.

मलकापूर आलं तेव्हा उजाडत होतं. माणसं उतरली, चहावाला ओरडत पुढे गेला. मी शाल घट्ट ओढून बसून राहिले. गाडी हलली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला.

शेगावात दर्शनाची रांग शिस्तीत सरकत होती. पुढच्या आजींनी वळून विचारलं, "नवस हाय का बाई?"

"नाही. एक गोष्ट ठरवायची आहे."

"मंग महाराजाले इचारा अन् मोकळ्या व्हा!"

समाधीपुढे पोचले तेव्हा मला काही विचारायचं सुचलंच नाही. बाहेर येऊन गरम कचोरी खाल्ली, सोबतच्या तळलेल्या मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. काकांसाठी एक पुडा बांधून घेतला. मग आणखी एक चहा. वेळ काढायचा म्हटलं की निमित्तांना तोटा नसतो.

पुढे खामगाव, नांदुरा, मोताळा असा बस बदलत उलटा प्रवास. दोन्ही बाजूंना काळं रान, फुटलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर. नांदुऱ्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "धामणगाव कोनतं, बढे का? रेल्वेवालं असन तर उलट्या बाजूनं आल्या तुमी." तिकडे अमरावतीकडे दुसरं धामणगाव आहे. क्षणभर वाटलं, तेच म्हणून टाकावं.

दुपार कलली तेव्हा पोचले. काका दवाखान्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभे होते. मी पुडा पुढे केला. त्यांनी तो पाहिला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हात धू. सिंधूची गाय सकाळपासून अडली."

सिंधूताई म्हणजे त्यांच्या शेजारची शेतकरीण. त्यांच्या अंगणात निंबाखाली पहिलारू (पहिल्यांदाच विणारी) गाय आडवी पडली होती. काकांसाठी खुर्ची आणली गेली. मी गुडघ्यांवर बसून साबण लावलेला हात आत घातला. पाय लागले, तोंड लागेना. वासराची मान मागे वळली होती. बोटं आणखी पुढे रेटली तेव्हा तोंड सापडलं, आणि त्या वासराने माझं बोट चोखलं.

"काका, जिवंत आहे!"

"कळ येऊ दे. ओसरली का मान फिरव. घाई करू नको."

प्रत्येक कळेला माझा हात आत पिळून निघत होता. बोटं बधिर होत, निसटत. मान वळवायची कशी हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. शेवटी वळली. सिंधूताईंनी आणि मी मिळून वासरू ओढलं. ते हललं नाही. पेंढ्याने अंग चोळलं, नाकात काडी घातली, मागचे पाय धरून उलटं टांगलं. काही झालं नाही. मी तिथेच बसून रडले.

सिंधूताईंनी माझ्या हातावर गरम पाणी ओतलं. "रडू नका बाई. गाय वाचली ना माही." मग सहज विचारलं, "गाडी लेट झाली का आज?"

"हो," मी म्हटलं.

काका गायीकडे बघत होते.

काकूंनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. मी घड्याळ बघत जेवले. परतीची गाडी संध्याकाळचीच होती आणि गाय अजून उठली नव्हती.

"गाय उठेपर्यंत थांबतं का?" काकांनी विचारलं.

"उद्या ऑफिस आहे, काका."

त्या संध्याकाळी मलकापूरच्या फलाटावर उभी राहून मी गाडीची वाट बघितली. गाडी अगदी वेळेवर आली.

पुण्यात पोचले तेव्हा उजवा हात सुजला होता, चहाचा कप उचलवेना. नवरा म्हणाला, "बघितलंस ना? आता नाही म्हणून कळवून टाक." मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. फोन लावला, काकांचा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, गाय उठली का? वार (वासरामागून पडणारा पडदा) पडली का?"

"पडली. उठली. कडबा खाऊन राह्यली. सिंधू इचारे, थ्या बाई पुन्हा कवा येतीन."

"काका, काल गाडी लेट नव्हती."

"मले माहीत हाय. शेगावची कचोरी का मलकापूरच्या रस्त्यावर भेटते?"

"सिंधूताईंना सांगितलंत?"

"मी काऊन सांगू? थे तूच येऊन सांगजो."

मला वाटायचं, आपलं काम सापडलं की माणसाची भीती जाते. तसं काही होत नाही. मी आजही घाबरते, आणि सिंधूताईंच्या अंगणात उभं राहून काय बोलायचं या विचाराने तर जास्तच. पण त्या वासराने चोखलेलं बोट अजून माझ्याच हाताला आहे, आणि पुन्हा उशीर होण्याची भीती बाकीच्या सगळ्या भीतीपेक्षा मोठी आहे.

उजवा हात चालत नव्हता. डाव्या हाताने तिकीट काढलं, मलकापूरचं.