आमच्या शेतातलं शेजारणीचं मोहाचं झाड

आमचा वनहक्काचा दावा दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा एकच: पुरावा अपुरा. तिसऱ्यांदा तळोद्याहून पडताळणीचं पथक पाड्यावर आलं, तेव्हा मी वर्तमानपत्रातून रजा घेऊन घरी होतो. जबाब लिहून देण्याचं काम ग्रामसभेने माझ्याकडे दिलं होतं. वडील भिलीत सांगत, मी मराठीत उतरवत होतो. दावा पुन्हा फेटाळला गेला असता, तर आजोबांनी दगड वेचून बांध घातलेला तो उतार कागदावर जंगलच राहिला असता.

शेताच्या मधोमध मोहाचं मोठं झाड आहे. मोजणी करताना पथकातला कारकून तिथे थांबला. तो सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा.

"हाई झाड तुमनंच शे ना, बाबा?"

"नाही," वडील म्हणाले. "ते खालच्या पाड्यावरच्या वहिनींचं."

"शेत तुमनं, आनि झाड दुसरानं?" कारकुनाने कागद खाली घेतला.

मी लिहिणं थांबवलं. वडिलांना भिलीत म्हणालो, "एवढं सांगायची गरज नव्हती."

"तू लिही. तुला लिहायला बसवलंय."

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. झाड कोणाच्याही शेतात असो, त्याखालची फुलं त्याच घराने वेचायची. अशा दाव्यांच्या बातम्या मी कितीतरी दिल्या होत्या; स्वतःच्या दाव्यात हे लिहावं असं मला सुचलं नव्हतं.

वहिनींना बोलावणं गेलं. त्या वडिलांपेक्षा वयाने मोठ्या. काठी टेकत आल्या आणि कारकुनाला काही विचारू न देता बोलू लागल्या. "माझ्या सासूची सासू इथे वेचायची. झाडाखालचा पाला काढायचा तर आधी यांना विचारायचं, कारण शेत यांचं. याचा बाप हा बांध घालत होता तेव्हा दगड माझ्या सासऱ्याच्या पायावर पडला. त्याच्या भरपाईची कोंबडी अजून दिलेली नाही यांनी."

"दोनदा दिली," वडील म्हणाले. "दुसरी तुम्हीच कापलीत."

सगळे हसले. मी मराठीत सांगितलं तेव्हा कारकूनही हसला. मग मला म्हणाला, "हाई बी लिखी ल्या. हाऊच तं पुरावा शे."

मी लिहिलं: झाड, पाला, बांध, पाय, कोंबडी. वहिनींनी अंगठा दिला. दावा मंजूर झाला.

अधिकारपत्र घरी आलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "यात झाडाचं आहे का?" अधिकारपत्रात फक्त क्षेत्र होतं. झाड जबाबात आहे, असं मी सांगितलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीत अधिकारपत्र खाली ठेवलं आणि जबाबाची प्रत वर. माझ्या बातम्यांचं एकही कात्रण त्या पेटीत नाही.