बोक्याची चौकशी

मासा हातात घेतला की ती आधी अंगठ्याने त्याचे कल्ले उघडायची. आतला ताजा लाल रंग गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "तोंड बघू नको रे. तोंड सगळ्यांचाच बरा दिसता." मालवणच्या बाजारात मासे घेतले असतील तर अशी एखादी मावशी तुम्हीही पाहिली असेल. पण शिळा बांगडा आपणहून बाजूला काढणारी मी तरी ही एकच पाहिली.

मासळीबाजारामागे माझं सायबर कॅफे होतं. तिचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, परदेशी फिरणाऱ्या बोटीवर खलाशी. बोट बंदराला लागली की तो आईसाठी माझ्या पत्त्यावर ईमेल करायचा, इंग्रजी अक्षरांत मालवणी. ती माशांची पाटी दाराबाहेर ठेवायची. खुर्ची दिली तर म्हणायची, "नको, खुर्चेक वास लागात." मग उभ्यानेच विचारायची, "माझ्या झिलाचो कागद इलो काय रे?"

कागद नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायचा : "आये, बोको बरो मा?" बोका म्हणजे तिच्या घरचा, एक कान तुटलेला, अट्टल चोर. मायलेकांना एकमेकांची खुशाली सरळ विचारता यायची नाही, ती बोक्याच्या नावावर चालायची. मी हसायचो. ती उत्तर सांगायची, "लिव, बोको जेवता, पण वाट बघता."

मग एक दिवस पत्र आलं ते चक्क इंग्रजीत. पासपोर्टासकट बॅग चोरीला गेली, परक्या गावात हॉटेलवाल्याने अडवून ठेवलंय, आज संध्याकाळच्या आत अमक्या नावाने पैसे पाठवा, कोणाला सांगू नका. नाव झिलाचं, पत्ता झिलाचा. मी तिला अर्थ सांगितला.

ती म्हणाली, "बोक्याचा कायेक लिवल्यान नाय?"

"गो मावशे, अडचणीतलो माणूस बोक्याची चौकशी करतलो काय?"

"माका तो इंग्रजीत कित्याक लिवतलो? रव जरा. उद्या सकाळी देवाक कौल लावतंय, मगे बघूया."

"उद्यापर्यंत तो थंय अडकान रवतलो," मी म्हणालो. मी शिकलेला ना! बोटीच्या कंपनीला एक फोन करावा, हे या शिकलेल्याला सुचलं नाही. होणाऱ्या सुनेसाठी ठेवलेल्या सोन्याच्या पाटल्या तिने सोनाराकडे मोडल्या. पैसे पाठवायचा फॉर्म मी भरला, माझ्या हाताने.

पंधरा दिवसांनी कॅफेतला फोन वाजला, झिलाचा. मी तिला बाजारातून बोलावलं. तिने विचारलं, "सुटलस मा रे, बाबा?" पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला : "सुटलो? खंयसून? आये, बोको बरो मा?"

तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

झालं होतं ते साधंच. त्याला मागच्या बंदरात एक ईमेल आलं होतं, तुमचं खातं आज बंद होणार, पासवर्ड भरा. पान हुबेहूब खऱ्यासारखं. त्याने भरला. चोराच्या हाती त्याची सगळी पत्रं लागली, पण चोराला मालवणी येत नव्हती. त्या एवढ्याशा फटीतून मावशीला अंधार दिसला होता आणि मी तिला पुढे ढकललं.

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. "तुजी चूक नाय रे. कल्ले बघूचे रवले," एवढंच म्हणाली. तिने बघितले होते, मला पक्कं ठाऊक आहे.

त्या वर्षी ती पाटी सोडणार होती. मग सोडली नाही. पाटल्या पुन्हा करायच्या म्हणून दोन वर्षं आणखी वाहिली, छातीत दुखत असताना. कॅफेत मी फलक लावला : पासवर्ड कोणी मागितला तर देऊ नका, घाई करणाऱ्या पत्रावर आधी फोन लावा. तिला तो वाचता येत नव्हता, आणि तिला गरजही नव्हती.

एका सकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू असताना ती खाली बसली ती उठलीच नाही. बोट भरसमुद्रात होती; या वेळी मी कंपनीला फोन केला, पण निरोप झिलापर्यंत पोचला नाही.

पाचव्या दिवशी ईमेल आलं. पहिली ओळ वाचली. पत्र खरं होतं, शंकाच नव्हती.

"आये, बोको बरो मा?"

दाराबाहेर पाटी नव्हती. उत्तर मलाच लिहायचं होतं.