मामाच्या दोन टोप्या

गेल्या वसंतात नागिसे बेटावर एक बातमी जोरात फिरत होती. कॅप्टन सेन्तारो कुवाबारा यांनी म्हणे विमान थेट एका देवमाशाच्या पाठीवर टेकवलं, म्हणून कंपनीने शिक्षा म्हणून त्यांना विमानाची चाकं पुसायला बसवलंय.

मासळीबाजारातून निघाला तेव्हा हा देवमासा साधा समुद्रपक्षी होता. न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्याची होडी झाली. आणि ओबाता आजोबांनी, "अहो, मी या डोळ्यांनी पाहिलंय!" असं दोन्ही डोळे गच्च मिटून सांगितल्यावर होडीचा देवमासा झाला तो कायमचाच.

खरं सांगायचं तर देवमासा नव्हता आणि शिक्षाही नव्हती. कॅप्टन कुवाबारा म्हणजे माझा सख्खा मामा, आणि चाकं पुसायला त्याने आपणहून हात वर केला होता.

आमच्या बेटाच्या विमान कंपनीकडे विमान एकच. पोटावर लांबलचक उडता मासा रंगवलेला, म्हणून सगळे त्याला 'मासा'च म्हणतात. कागोशिमा या मोठ्या गावाहून येतो, कागोशिमाला जातो. उडवायला चार पायलट, पण दुरुस्ती-तपासणीला माणसं टिकेनात. शिकून तयार झालेलं पोरगं दोन पावसाळे काढतं आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत पळतं. शेवटी उरल्या मुख्य मेकॅनिक उशिजिमा मॅडम आणि त्यांचा एक मदतनीस. त्या मदतनिसाचंही लग्न ठरलं, तेही कागोशिमाच्या मुलीशी. सकाळची तपासणी एकटीने होत नाही, त्यामुळे उन्हाळ्यापासून सातचं विमान बंद करायची पाळी आली.

सातचं विमान म्हणजे ओबाता आजोबांच्या मूत्रपिंडाचे उपचार, माझ्या आईचं डोळ्यांचं इंजेक्शन, आणि मोठ्या गावात नोकरीला जाणारी निम्मी गल्ली. ते बंद झालं की माणसांनी आदल्या दिवशी बोटीत बसायचं आणि रात्रभर ओकायचं.

म्हणून कंपनीचे अध्यक्ष मुनेकाता साहेब पायलटांसमोर उभे राहिले. साहेब प्रत्येक शब्दाची माफी मागत बोलतात. "म्हणजे… फारच अवघड मागणं आहे… नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही… म्हणजे वाटेल, पण मी दाखवणार नाही…" एवढं बोलून कमरेत वाकले ते वाकलेच. मागणं असं होतं की रीतसर शिकून, परीक्षा देऊन पायलटांनी तपासणीतली छोटी कामं अंगावर घ्यावीत. टायर, तेल, दिवे. मोठं काम मॅडमच करणार.

एक पायलट छताकडे बघू लागला. दुसऱ्याने चहात साखर नसतानाही बराच वेळ चमचा फिरवला. तिसरा म्हणाला, "मी ढग ओळखायला शिकलो साहेब, ग्रीस नाही."

मामाने हात वर केला. "का रे बाबा?" असं नंतर सगळ्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "सातचं विमान बंद झालं तर ताई मला लोळू देईल का? पहाटे उठवून मासे फाडायला बसवेल." हे कुणालाच पटलं नाही. कारण परतीच्या प्रत्येक फेरीला मामा विमानाच्या पायऱ्यांशी उभा राहून ओबाता आजोबांना हात देऊन उतरवतो, हे बेटावरचं शेंबडं पोरही जाणतं.

सगळ्यात जास्त हसली ती माझी आई. तिचं वाळवलेल्या माशांचं दुकान आहे आणि जिभेला सुरीइतकीच धार आहे. "सेन्या, न्हाणीघरातला दिवा गेला तो तू गेल्या नवीन वर्षापासून बदलतोयस. आणि आता विमानाचे बदलणार?"

"ताई, न्हाणीघर उडत नाही. घाई नसते."

मामाचा विसराळूपणा हा आमच्या घरचा जुना आजार. चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो, आणि तोही सापडत नाही. विमानात बसला की मात्र तोच माणूस घड्याळासारखा चालतो. कारण तिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि हाताला ती जागा पाठ.

शिक्षण सुरू झालं. उशिजिमा मॅडम मामापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला अतिशय अदबशीर, आणि त्या अदबीचीच भीती वाटावी अशा. "कॅप्टन, आपण फार सुंदर बघता. आता बोट दाखवून बघाल का?" मेकॅनिक लोकांची रीतच ती. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडे हात ताठ करून बोट दाखवायचं, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि ठीक असलं की "योशी!" म्हणून ओरडायचं. डोळा चुकतो, हात चुकतो. तोंडाने म्हटलं की तिघांची एकमेकांवर नजर राहते.

मामाने ही रीत घरी आणली. सकाळी दारात उभा राहून, "गॅस, बंद, योशी! चप्पल, जोडीने, योशी!" एकदा आईच्या सूपच्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मीठ… कमी!"

"तुझी अक्कल… योशी?" आई म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मामा घास नुसता फिरवत होता. तो पास झाला तर सातचं विमान राहणार होतं. नापास झाला तर पुन्हा शिकून परीक्षा देईपर्यंत मदतनीस गेलेला असणार, आणि विमान बंद. मी म्हटलं, "मामा, तू उद्या काहीतरी हरवणार आणि नापास होणार. पैज!"

"लाव," मामा एकदम ताजातवाना झाला. "मी नापास झालो तर उन्हाळी जत्रेत उडत्या माशाचा पोशाख घालून नाचेन. पास झालो, तर सुट्टीभर तू धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहायचंस आणि मेकॅनिक निरोप देतात तसे दोन्ही हात हलवून सातच्या विमानाला निरोप द्यायचास. रोज. तुझ्या वर्गातल्या पोरांसमोर."

"शपथ?"

"पैज, स्वीकारली, योशी!"

परीक्षेच्या दिवशी विमान सातचंच, आणि त्याचा कॅप्टनही मामाच. आधी तपासायचं, मग उडवायचं. इंजेक्शनचा दिवस म्हणून आईही प्रवाशांत होती; पुढचं सगळं तिने आणि को-पायलट तानिमोतोने इतक्या वेळा सांगितलंय की मला मामाचं धापा टाकणंसुद्धा हुबेहूब येतं.

मामाने 'शिकाऊ' लिहिलेली निळी टोपी घातली. बोटभर टॉर्च घेऊन टायरांच्या खाचाखोचा बघितल्या. तेल बघितलं. वर कॉकपिटमध्ये जाऊन दिव्यांची बटणं दाबली, खाली उतरून दिवे बघितले. "डावा, लाल, योशी! उजवा, हिरवा, योशी!" आवाज असा खणखणीत की काचेपलीकडच्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मान हलवली. राहिली फक्त हत्यारांची पेटी.

या पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची खाच असते. हरवलेलं हत्यार विमानातच कुठेतरी अडकलेलं असू शकतं, म्हणून सगळ्या खाचा भरल्या की पेटी बंद, पेटी बंद झाली की विमान मोकळं. मामाने झाकण उघडलं, बोट फिरवत निघाला, आणि बोट हवेतच थांबलं. टॉर्चची खाच रिकामी. पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

मॅडम तेव्हा विमानाच्या पंख्यापाशी पाठमोऱ्या होत्या. मामाने खिसे चाचपले. बाह्या चाचपल्या. टोपी काढून टोपीत बघितलं. तिकडे काउंटरवरची होनामी गोड गळ्याने प्रवाशांना रांग लावायला सांगत होती. आता बोललं की विमान अडलं, परीक्षा बुडाली, सातची फेरी गेली.

मामाने रिकाम्या खाचेकडे बोट ताठ केलं. "टॉर्च… नाही!"

मॅडम वळल्या. जवळ आल्या. पेटीत बघितलं. "बरं. आता नियमाप्रमाणे कॅप्टनना कळवा."

"मॅडम, कॅप्टन मीच आहे."

"हो ना. मग कळवा."

मामाने निळी टोपी नीट केली, समोरच्या रिकाम्या हवेला वाकून नमस्कार केला. "कॅप्टन, माफी असावी. एक हत्यार सापडत नाही. विमान सोडता येणार नाही." मग निळी टोपी काखेत मारली, तानिमोतोच्या हातातली आपली सोनेरी पट्ट्यांची टोपी डोक्यावर ठेवली, दोन पावलं पलीकडे जाऊन तोंड फिरवलं आणि घोगऱ्या कॅप्टनी आवाजात म्हणाला, "समजलं. उड्डाण थांबवा. कळवल्याबद्दल आभार." पुन्हा निळी टोपी. पुन्हा नमस्कार.

काचेआडून ओबाता आजोबांनी विचारलं, "हा कुणाशी बोलतोय?"

"सेन्या लहानपणापासून असाच आहे," आई म्हणाली.

होनामीने घोषणा केली, "सन्माननीय प्रवाशांची मनापासून क्षमा मागत, अत्यंत संकोचाने कळवण्यात येतं की…" आणि तेवढ्यात मुनेकाता साहेब स्वतःच येऊन सगळ्या खुर्च्यांपुढे एकेकदा वाकू लागले. बाहेर शोधाशोध चालू. चाकांमध्ये, गवतात, शिडीखाली. तानिमोतो कॉकपिटची फरशी हातांनी झाडून आला. "वर सगळं बघितलं. नाही."

मॅडम म्हणाल्या, "कॅप्टन, पहिल्यापासून सगळं पुन्हा करा. टॉर्च हातात आहे असं समजून."

मग आख्ख्या बेटाने बघितलं की त्यांचा कॅप्टन रिकामी मूठ धरून टायरापुढे उकिडवा बसलाय, नसलेल्या टॉर्चचा नसलेला उजेड पाडतोय, आणि ओरडतोय, "टायर, योशी!" तसाच मूठ धरून शिडी चढला. कॉकपिटमध्ये शिरला. दिव्यांच्या बटणांना दोन्ही हात लागतात. उजवा हात बटणाकडे गेला, आणि डावा हात, कुणी न सांगता, खिडकीखालच्या कप्प्याकडे. जिथे मामा गेली वीस वर्षं काळा चष्मा ठेवतो तिथे. मूठ उघडली, बोटं आत गेली, आणि टॉर्च हाताला लागली.

"अरे तानिमोतो!" मामा ओरडला. "तू वर सगळं बघितलंस ना?"

तानिमोतो कानापर्यंत लाल. "सगळं बघितलं, सर. पण तो कॅप्टनचा कप्पा. तुमच्या कप्प्यात मी हात कसा घालणार?"

काचेपलीकडे मामाने टॉर्च उंच धरली तेव्हा आई सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "डोक्यावर चष्मा आहे का तेही बघ!"

टॉर्च खाचेत बसली. पेटी बंद झाली. मामा मॅडमपुढे मान खाली घालून उभा राहिला. "मॅडम, सातच्या विमानाचं मीच वाटोळं केलं."

"ते कसं?" मॅडमनी आपल्या पिशवीतून एक नवीकोरी निळी टोपी काढली. तिच्यावर 'शिकाऊ' नव्हतं. पांढऱ्या दोऱ्याने 'कुवाबारा' शिवलेलं होतं. "टॉर्च हरवल्याचं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ही टोपी त्याला दिली असती. तुम्हीच सांगितलंत."

मामाने टोपी उलटसुलट करून बघितली. "पण हे तर आधीच शिवून आणलंय!"

"शिंप्याला घाई आवडत नाही, कॅप्टन. आणि प्रवासी खोळंबलेत. दुसरी टोपी घाला."

मासा उशिराने उडाला. वर गेल्यावर मामाने घोषणा केली की आज विमान मेकॅनिकच्या चुकीमुळे उशिरा सुटलं, मेकॅनिकला समज देण्यात आली आहे, आणि मेकॅनिक फार ओशाळला आहे. आईने म्हणे डोळ्यांच्या डॉक्टरांनासुद्धा ते नक्कल करून दाखवलं. तिच्या नकलेत राम नाही, पण असो.

संध्याकाळी मी हुज्जत घातली. "टॉर्च हरवलीस ना? मग पैज मीच जिंकले."

"तू काय म्हणाली होतीस? हरवणार 'आणि' नापास होणार. ताई, साक्षीला ये!"

"हो, असंच म्हणाली होती," आई मासे वाळत घालत म्हणाली. सख्खी आई!

सातचं विमान उन्हाळाभर चाललं आणि अजून चालतंय. बाकीचे तिघं पायलटही आता शिकताहेत. चहात चमचा फिरवणाऱ्याचं बोट मात्र अजून वाकडंच असतं. आणि सुट्टीभर रोज सकाळी मी कुंपणाशी उभी. आधी खोल नमस्कार, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन विमान दिसेनासं होईपर्यंत हलवत राहायचं. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं हसायला आली. तिसऱ्या दिवशी त्यांतली दोघंही हात हलवत होती. मासा वळताना काचेतून मामाची सोनेरी टोपी दिसायची, मांडीवर निळी ठेवलेली असणारच, आणि एक बोट ताठ होऊन माझ्याकडे रोखलेलं. आवाज ऐकू यायचा नाही. पण ओठांवरून मला बरोबर कळायचं.

"भाची… जागेवर… योशी!"